काठावर थांबलेला पाय

(पवित्र क्रुसाचा विजयोत्सव, १४ सप्टेंबर. वाचने : गणना २१:४-९, फिलिप्पैकरांस २:६-११, योहान ३:१३-१७)



आजच्या पहिल्या वाचनात साप आहेत. इस्राएल लोक रानातल्या लांबच्या वाटेने थकले आहेत. भाकर नाही, पाणी नाही, आणि रोजच्या त्याच त्या अन्नाचा वीट आला आहे, म्हणून ते देवावर व मोशेवर कुरकुर करतात. मग छावणीत आग्ये साप शिरतात आणि पुष्कळ माणसे मरतात. लोक मोशेकडे धावत येतात. आमचे चुकले, म्हणतात, परमेश्वराला सांग आणि हे साप आमच्यातून घालव. मोशे प्रार्थना करतो.

इथे थोडे थांबून वाचावे. साप निघून गेले असे या उताऱ्यात कुठेही लिहिलेले नाही. देवाने मोशेला सांगितले ते एवढेच की साप करून खांबावर टांग. डसलेला मनुष्य त्याच्याकडे पाहील तर वाचेल. लोकांनी मागितले होते की साप न्यावेत. देवाने जे दिले त्यात माणसालाही काही करावे लागणार होते. निदान मान तरी वर करावी लागणार होती. आपणही घरात दुखणे आले की अशीच प्रार्थना करतो, देवा, हे घालव. त्याचे उत्तर पुष्कळदा ‘तू अमुक कर’ असे येते, आणि ते आपल्याला उत्तर वाटतच नाही.

या आग्या सापांविषयी काही अभ्यासकांनी एक तर्क केला आहे. ते म्हणतात, हे साप म्हणजे नारू असावा. तर्कच आहे तो, आणि आजच्या वाचनाचा अर्थ त्यावर अवलंबून नाही. तरीही तो सांगतो, कारण नारू काय चीज आहे हे शास्त्री-पंडितांपेक्षा आपल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना जास्त ठाऊक आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या मंडळींनी आज घरी गेल्यावर नातवंडांना विचारून पाहावे. त्यांना हा शब्दही माहीत नसेल.

नारू हा दोऱ्यासारखा पांढरा जंत. लांबी दोन-तीन फूट. बहुधा पायाच्या कातडीखाली येतो, तिथे फोड उठतो, फोड फुटतो आणि जंताचे टोक बाहेर डोकावते. निखारा ठेवल्यासारखी आग होते. एकदम ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय सुजून पू धरतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटे बाहेर काढायचा. असे कित्येक दिवस, कधी आठवडे चालायचे. तोवर माणूस खाटेवर. ऐन पेरणीत किंवा सुगीत घरातला कर्ता असा आडवा झाला की त्या वर्षाच्या पिकावर पाणीच सोडायचे.

हा जंत पिण्याच्या पाण्यातून येतो. पाण्यात जेमतेम ठिपका दिसेल एवढा एक जीव असतो, त्याच्या पोटात नारूची पिले असतात. पाण्याबरोबर ती माणसाच्या पोटात जातात. पुढे सुमारे वर्षभर काहीच कळत नाही, आणि एके दिवशी पायाला फोड येतो. गेल्या साली कुठल्या विहिरीचे पाणी प्यालो होतो, हे कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून लोक म्हणायचे, करणी केली, देवाचा कोप झाला, नशिबात होते.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले ती गोष्ट. पाय असा जळत असतो तेव्हा माणसाला एकच सुचते. पाण्यात बुडवावा. गावची विहीर पायऱ्यांची, म्हणजे बारव. दहा-बारा पायऱ्या उतरल्या की घोटाभर थंडगार पाणी. तो उतरतो, पाय सोडतो, आणि त्याला खरोखरच बरे वाटते. पण पाणी लागताच नारू आपली हजारो-लाखो पिले त्याच पाण्यात सोडून देतो. थोड्या वेळाने शेजारीण येते आणि तिथेच घागर बुडवते. पुढच्या साली तिच्या लेकराचा पाय. त्या माणसाच्या मनात कोणाविषयी वाईट नव्हते. तो आपली आग विझवत होता, इतकेच.

हा रोग गेला कसा? त्याच्यावर लस नव्हती, आजही नाही. बरे करणारे औषधही नव्हते. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्र धरून सात राज्यांत नारू होता आणि १९८४ साली देशात सुमारे ४० हजार रुग्ण मोजले गेले. आरोग्य कर्मचारी दारोदार हिंडले. पाणी कापडाने गाळून प्या, म्हणून सांगत राहिले. विहिरींत औषध टाकले गेले. पायऱ्यांच्या विहिरी बांधून काढून वरून शेंदण्याजोग्या केल्या, हातपंप आले. आणि ज्याच्या पायाला नारू त्याला सांगितले गेले, बाबा, विहिरीत उतरू नकोस. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. १९८६ च्या सुमारास जगात वर्षाला पस्तीस लाख लोकांना नारू होत असे. २०२४ साली साऱ्या जगात मिळून माणसांतले १५ रुग्ण आढळले.

यासाठी कोणी कृतज्ञतेची मिस्सा सांगितल्याचे मला आठवत नाही. ऑपरेशन सुखरूप झाले, ताप उतरला, अपघातातून मुलगा वाचला, यासाठी पाकिटे येतात आणि ती यावीतच. पण यंदा घरात कोणाला जुलाब झाले नाहीत म्हणून कोणी येत नाही. न आलेल्या रोगाचा नवस कोण फेडणार? डॉक्टरने वाचवलेला रोगी डॉक्टरला ओळखतो. नारूपासून वाचलेल्या लेकराला मात्र ठाऊकही नसते की आपण कशातून वाचलो आणि कोणामुळे.

कापड, हातपंप, औषध, ही मोठीच कामे. पण क्रुसाच्या सणाला मला तो पाय दिसतो. पायात निखारा आहे. समोर दहा पायऱ्यांवर थंड पाणी आहे. पाहणारे कोणी नाही. आणि तो माणूस काठावर थांबतो. उद्या पहाटे जी बाई पाण्याला येईल तिच्यासाठी थांबतो. ती कोण असेल हेही त्याला माहीत नाही. तिला तर हे कधीच कळणार नाही.

प्रभू येशूला क्रुसावर खिळण्याआधी गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता, असे संत मार्कच्या शुभवर्तमानात आहे. वेदना बोथट करणारे पेय होते ते. त्याने ते घेतले नाही. (म्हणून दुखण्यावर गोळी घेऊ नये, असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. उपदेशातून असे अर्थ निघतात, हा माझा अनुभव आहे.) दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतो की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले. ‘रिक्त करणे’ हा शब्द आपल्याला फार मोठा वाटतो, साधुसंतांसाठी राखून ठेवलेला. पण आपल्याला हाताशी असलेला आराम दुसऱ्याच्या जिवावर बेतू नये म्हणून सोडून देणे, हेही रिक्त होणेच आहे. ते एखाद्या निरक्षर शेतमजुरालाही जमू शकते, आणि आपल्याच भागात ते जमलेले आहे.

मात्र इथेच थांबलो तर मी अर्धेच सांगितले असे होईल. विहिरीत उतरू नको, हे सांगायला सोपे. आग त्याच्या पायात आहे, सांगणाऱ्याच्या पायात नाही. त्याच्या घरी पाणी आणून देणारे कोणी नसेल तर तो उतरणारच, आणि आपण त्याला दोष देत बसणार. म्हणून दुसऱ्या कोणीतरी घागर भरून वर आणली पाहिजे आणि विहिरीपासून लांब नेऊन त्याच्या पायावर ओतली पाहिजे. एकाने काठावर थांबायचे, तर बाकीच्यांनी त्याच्यासाठी पाणी वर आणायचे. दोन्ही घडले तरच विहीर स्वच्छ राहते.

आपल्या जिल्ह्याला लागून जामखेड आहे. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने काम सुरू केले. दोघे वेल्लोरला शिकलेले, हवे तर शहरात बंगला बांधून राहिले असते. त्याआधी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम करताना त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती. बरा करून पाठवलेला रोगी त्याच गावात, त्याच पाण्याकडे परत जातो आणि तेच दुखणे घेऊन पुन्हा दारात येतो. म्हणून त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित समाजातल्या होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्याच बाया गावाच्या बाळंतिणींना आणि लेकरांना सांभाळू लागल्या. हातपंप बसवायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत बसतील असे पाहिले गेले, म्हणजे साऱ्या गावाला पाण्यासाठी तिथे यावे लागले. रोग आणि विटाळ दोन्हींवर एकाच पंपाने इलाज! १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये प्रभूघरी गेले. ते आपल्या चर्चचे नव्हते, प्रॉटेस्टंट बांधवांपैकी होते. आपण त्यांच्याकडून शिकायला काही हरकत नाही.

आता थोडे अवघड बोलतो.

अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायाच्या आठव्या वचनात, घर बांधणाऱ्यासाठी एक लहानसा नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर. नाहीतर वरून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. कोणी कोणाला ढकललेले नाही. पडणारा आपल्याच पायाने पडला. तरी देव दोष घरधन्यावर ठेवतो, कारण घर त्याचे, आणि माणूस तिथे चढणार हे त्याला ठाऊक होते.

दसरा जवळ आला आहे. उचल घेणे-देणे चालू आहे. दसरा-दिवाळीनंतर आपले चर्च निम्मे रिकामे होते आणि उन्हाळ्यापर्यंत तसेच राहते. आपल्या बाकांवर कोयते बसतात आणि मुकादमही बसतात, एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर घेतात. म्हणून दोघांसमोर हे बोलले पाहिजे.

२०१९ साली बीड जिल्ह्याचे नाव साऱ्या देशात कशासाठी गाजले ते इथल्या स्त्रियांना सांगायला नको. शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. काही ठिकाणी पैशाचा लोभ होता, भीती घालणे होते. पुढे जिल्ह्यात अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घालण्यात आली. ते योग्यच झाले. पण या दुखण्याचे मूळ ऑपरेशनच्या टेबलावर नाही, ते फडात आहे.

पहाटे अंधारात उठायचे. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांब. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला आणि वाळवायला आडोसा नाही. दिवसभर मोळ्या डोक्यावर. मग अंगावरून जाऊ लागते, ओटीपोटात दुखते. दवाखाना गाठायचा तर खाडा पडतो. मजुरी तर जातेच, वर पैसे कापले जातात. म्हणून बाई दुखणे ओढत नेते. शेवटी कोणीतरी म्हणते, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल, नाहीतर कॅन्सर होईल. आणि कटकट मिटत नाही. तिशीतच कंबर धरते, हाडे झिजतात, तरी पुढच्या हंगामाची उचल घेतलेली असतेच. बादलीभर स्वच्छ पाणी, चार बांबूंना बांधलेला आडोसा आणि वेळेवर घेतलेल्या गोळ्या यांनी जे पुष्कळ वेळा थांबले असते, त्यासाठी एका बाईला शरीराचा अवयव द्यावा लागला.

मुकादम बांधवांनो, तुम्हीही कर्जात असता, हे मला माहीत आहे. उचल घेऊन न आलेल्यांचा बोजा तुमच्याच डोक्यावर बसतो. कारखाना तुमचेही ऐकतोच असे नाही. तरी या टोळीचे घर तुम्ही बांधता, माणसे तुमच्या शब्दावर तिथे जातात. कठडा तुम्हालाच बांधायचा आहे. टोळीमागे पाण्याची झाकणाची टाकी, बायकांसाठी आडोसा आणि संडासाचा खड्डा, आणि आजारी बाई दवाखान्यात गेली तर त्या दिवसाचा खाडा नाही, एवढे तीन शब्द तुम्ही या हंगामापूर्वी द्यावेत. कारखान्याकडे मागायला एकट्याने जाऊ नका, चार-पाच जण मिळून जा. चर्चचे पत्र हवे असेल तर मी देतो, आणि सोबत यायलाही तयार आहे. आणि नवरे मंडळींनो, बायको दुखते म्हणते तेव्हा फडातले काम एक दिवस तुम्ही एकट्याने ओढा. तुमच्या वाट्याची ती घागर आहे.

गावात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण बॅरल, रांजण, हौद भरून ठेवतो. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, तो याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून, आतून घासून कोरडे केले की त्याचा वंश तिथेच संपतो. टंचाईचे पाणी फेकायचे कसे, असे विचाराल. फेकू नका, कापडाने गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या. आणि हौदाला कापड बांधा. तुमच्या हौदातला डास तुमचे घर आणि शेजाऱ्याचे घर यांत भेद करीत नाही.

क्षयाचे तसेच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. साध्या क्षयाची औषधे निदान सहा महिने घ्यावी लागतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून सकस आहारासाठी महिन्याला हजार रुपये ठरले आहेत. अडचण अशी की दोन महिन्यांत माणसाला बरे वाटू लागते आणि तो गोळ्या सोडतो. मग जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि खोकल्यातून तेच घरादारात पसरतात. त्याला बरे वाटले, पण पाय विहिरीतच गेला. आणि त्याने हे का लपवले? मुलीचे लग्न मोडेल म्हणून, लोक ताट वेगळे करतील म्हणून. क्षय ताटातून पसरत नाही. आपण त्याचे ताट वेगळे केले की तो औषधही लपूनछपून घेतो, आणि एक दिवस घेईनासा होतो.

त्या पितळी सापाचे पुढे काय झाले, तेही सांगून टाकतो. लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले आणि शेवटी हिज्कीया राजाला त्याचे तुकडे करावे लागले (२ राजे १८:४). मोशेने केलेली वस्तू, देवाने सांगून केलेली, तिचीही मूर्ती झाली. आपल्याकडे सलाईनच्या बाटलीला असाच मान आहे. ती खांबावर टांगलेली दिसली की रोग्याला बरे वाटते आणि नातेवाइकांनाही. जिथे खरी गरज आहे तिथे ती जीव वाचवते. पण थकवा आला की पाचशे रुपये देऊन बाटली लावून घ्यायची आणि दारातला हौद महिनाभर घासायचा नाही, याला मी श्रद्धाही म्हणणार नाही आणि उपचारही म्हणणार नाही.

शुभवर्तमानात प्रभू निकदेमाला सांगतो की मोशेने रानात साप उंच केला, तसेच मनुष्याच्या पुत्राला उंच केले जाणे भाग आहे. जगाचा न्याय करायला नाही, जग तरावे म्हणून देवाने त्याला पाठवले. आज वेदीसमोर क्रुसाला वंदन करायला याल तेव्हा त्याच्या पायांकडेही पाहा. खिळलेले आहेत ते. आपल्यासाठी थांबलेले आहेत.

मिस्सा संपल्यावर सभागृहात आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आणि आशाताई बसणार आहेत. फडावर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लेकरांची लसीकरणाची कार्डे दाखवून न्यावीत. कुठला डोस कोणत्या महिन्यात आणि तिकडे कुठे घ्यायचा हे त्या लिहून देतील. कार्ड हरवले असेल तरी या, रागावणार नाहीत. ज्या बायकांना काही बोलायचे असेल त्यांच्यासाठी सिस्टरांनी मागची खोली मोकळी ठेवली आहे. मुकादम मंडळींनीही थोडे थांबावे. चहा केलेला आहे.